व्हिटॅमिन कमी झाल्यामुळे माणूस भ्रमिष्ट, संशयी होऊ शकतो का?

हो, होऊ शकतो, आणि वेळेवर कळलं तर बऱ्याचदा सुधारतोही.

तुम्ही लिहिलंय की सासरे ७१ वर्षांचे आहेत, देवगडजवळच्या गावात राहतात, बरीच वर्षं माळकरी आहेत आणि मधुमेहाची गोळी चालू आहे. गेल्या काही महिन्यांत शेजारी विहिरीत काहीतरी टाकतात असा संशय घेतात, रात्री अंगणात जाऊन कोणाशी तरी बोलतात. गाव म्हणतं, ‘भायरचां कायतरी लागलां’. हिमोग्लोबिन चांगलं आलं म्हणून व्हिटॅमिनचा विषय तिथेच संपला. मी रत्नागिरी जिल्ह्यात रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काम करतो. निदान डॉक्टरांनीच करायचं, पण तुमच्या प्रश्नातल्या दोन गोष्टी व्हिटॅमिन बी १२ कडे बोट दाखवतात: माळ आणि मधुमेहाची गोळी.

बी १२ भाजीपाल्यात, डाळ-भातात नसतं. आपल्याकडे ते बांगडा, तारली, तिसऱ्या, कालवं, अंडी यांतून मिळतं. दूध-दह्यातही असतं, पण दिवसाला दोन कप चहात जेवढं दूध पडतं तेवढ्याने भागत नाही. यकृतात बी १२ चा काही वर्षं पुरेल इतका साठा असतो, त्यामुळे मासे सोडल्यावर लगेच काही जाणवत नाही. त्रास सुरू होतो तोवर माळ घातल्याला इतका काळ लोटलेला असतो की त्याचा याच्याशी संबंध कोणी जोडत नाही. त्यात गोळी मेटफॉर्मिन असेल तर तिनेही बी १२ कमी शोषलं जातं. ॲसिडिटीसाठी वर्षानुवर्षं घेतलेल्या पँटोप्राझोल, ओमेप्राझोलचंही तसंच. शिवाय म्हातारपणी पोटातलं आम्ल कमी होतं ते वेगळंच. आणि मासे खाणाऱ्यालाही ही कमतरता होऊ शकते, कारण काहींच्या पोटात ते शोषून घेणारा घटकच तयार होत नाही.

आता हिमोग्लोबिनचं. ते चांगलं आहे म्हणून बी १२ चांगलं असेलच, असं अजिबात नाही. १९८८ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये बी १२ च्या कमतरतेने मेंदूचा किंवा नसांचा त्रास झालेल्या १४१ रुग्णांचा अभ्यास आला होता. त्यातल्या ४० जणांत ना रक्तक्षय होता, ना तांबड्या पेशी मोठ्या झाल्या होत्या. एरवी बी १२ कमी असलं की तांबड्या पेशी मोठ्या होतात, पण सोबत लोहही कमी असेल तर पेशींचा आकार नॉर्मल दिसू शकतो. सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा, कागद बघून निश्चिंत होऊ नका.

माझ्या मावशीचं सांगतो. नवरा गेल्यावर तिने माळ घातली. काही वर्षांनी सून तांदूळ चोरते असं म्हणायला लागली, मग परसात माणसं उभी दिसायला लागली. घरात सगळ्यांचं लक्ष त्या भांडणांवर. तिच्या पायांकडे कोणी बघितलंच नाही. चालताना पायातली चप्पल सुटून मागे राहायची आणि तिला कळायचं नाही. न्हाणीत डोळे मिटून तोंडावर पाणी मारलं की तोल जायचा. जीभ लाल, गुळगुळीत झाली होती, आमटीसुद्धा झोंबायची. बी १२ अगदी तळाला गेलेलं निघालं. इंजेक्शनं सुरू झाल्यावर काही आठवड्यांत संशय ओसरला. पायांचा बधिरपणा मात्र पूर्ण गेला नाही, कारण नसांवरचं आवरण फार दिवस झिजत राहिलं की सगळं भरून येत नाही. म्हणून घाई करा म्हणतो. सासऱ्यांचे पाय, जीभ, अंधारातलं चालणं आजच बघा.

एक गोष्ट कृपा करून पाळा: रक्त आधी, इंजेक्शन नंतर. गावात अशक्तपणावर ताकदीचं लाल इंजेक्शन सर्रास देतात. ते बहुतेक वेळा बी १२ च असतं, त्यातल्या कोबाल्टच्या संयुगामुळे लाल दिसतं. ते घेऊन माणूस आमच्याकडे येतो, आकडा हजाराच्या वर जातो आणि खरी कमतरता झाकली जाते. एका मिलिलिटर रक्तात बी १२ साधारण २०० पिकोग्रॅमच्या खाली आलं तर कमतरता धरतात. २०० ते ३०० मध्ये आलं तर डॉक्टर खात्रीसाठी होमोसिस्टीन किंवा मिथाइलमॅलोनिक ॲसिड ही आणखी एक तपासणी करायला सांगू शकतात. नुसत्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्या परस्पर सुरू करू नका, त्याने रक्त सुधारलेलं दिसतं आणि नसांचं नुकसान चालूच राहतं.

त्याच वेळी थायरॉईड, सोडियम, साखर आणि लघवीची तपासणीही होऊ द्या. गोंधळ अचानक, एक-दोन दिवसांत वाढला तर लॅबची वाट न बघता थेट दवाखाना गाठा. आणि बी १२ कमी निघालं तरी मनोविकारतज्ज्ञांना दाखवाच. या वयात स्मृतिभ्रंशही असू शकतो, दोन्ही एकत्रही असू शकतात. त्यांनी गोळ्या दिल्या तर इंजेक्शन चालू आहे म्हणून त्या बंद करू नका. तोवर काही विचारायचं असेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

घरात रोज दारू पिणारं कोणी असेल तर हेही लक्षात ठेवा: जेवण सुटलेला दारुडा माणूस अचानक गोंधळला, झोकांड्या खायला लागला, डोळ्यांची हालचाल बिघडली, तर ते बी १ म्हणजे थायमिनचं असू शकतं. त्याला नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावून चालत नाही. दारूचं डॉक्टरांना स्पष्ट सांगा, म्हणजे थायमिन आधी देतील.

देवाला गाऱ्हाणं घालायचं तर खुशाल घाला, रक्त देण्याला त्याची आड नाही. सासरे ‘माळ मोडेल’ म्हणून औषधाला नाही म्हणाले तर त्यांना सांगा की औषधातलं बी १२ जिवाणूंपासून आंबवून बनवतात, मासळी-मटणातून काढत नाहीत. कॅप्सूलचं आवरण जिलेटिनचं असू शकतं, तेव्हा डॉक्टरांकडून गोळी किंवा इंजेक्शन लिहून घ्या.