विचारा तर खरं : घरचा स्प्रिट्झ गोडमिट्ट का होतो?

प्रश्न : ताई, मागच्या उन्हाळ्यात आम्ही दोघं मुलीकडे इटलीत बोलोन्याला गेलो होतो. संध्याकाळ झाली की तिथे जो तो नारिंगी स्प्रिट्झ, म्हणजे वाइन, कडू-गोड दारू आणि सोड्याचं पेय, घेऊन बसलेला. येताना त्यात घालतात त्या नारिंगी, कडू-गोड दारूची, अ‍ॅपेरॉलची बाटली आणली. घरी नाशिकची स्पार्कलिंग वाइन, वरून टॉनिक वॉटर, बर्फाचे दोन खडे आणि नागपुरी संत्र्याची चकती, असा बेत केला. रंग तोच आला, पण चव खोकल्याच्या औषधासारखी गोड, आणि बुडबुडे तर बघता बघता गेले. तिकडची फसफसणारी वाइन, प्रोसेको, नव्हती म्हणून असं झालं का? उरलेल्या वाइनचं काय करायचं? आणि सासूबाई दारू घेत नाहीत, त्यांनाही काहीतरी हातात द्यायचं आहे.
– एक वाचक, ठाणे

उत्तर : नाशिकला उगाच बोल लावू नका. तुमचा स्प्रिट्झ बिघडवला तो टॉनिकने. टॉनिकमध्ये क्विनीनचा कडूपणा असतो आणि तो सोसावा म्हणून भरपूर साखर. अ‍ॅपेरॉल आधीच गोड. दोन गोड वस्तू एकत्र आल्यावर दुसरं काय होणार? स्प्रिट्झला साधा, बिनसाखरेचा, बिनलिंबाचा सोडा लागतो, तोही थोडासाच.

नवऱ्याच्या नोकरीपायी मी काही वर्षं इटलीतल्या पादुआत काढली आहेत, त्यामुळे या बाबतीत मी थोडी हट्टी आहे, हे आधीच सांगून ठेवते. अ‍ॅपेरॉल त्याच गावचं. बार्बिएरी बंधूंनी ते 1919मध्ये पादुआच्या जत्रेत पहिल्यांदा लोकांपुढे ठेवलं. वाइनमध्ये पाणी घालून पिण्याची रीत मात्र त्याहून जुनी. पादुआ ज्यात येतं तो व्हेनेतो प्रांत ऑस्ट्रियाच्या ताब्यात होता, तेव्हा तिथली वाइन ऑस्ट्रियन शिपायांना जड जायची म्हणून ते ती पातळ करून घेत, असं सांगतात. पुढे पाण्याच्या जागी सोडा आला, मग त्यात कडू लिकर, म्हणजे अ‍ॅपेरॉलसारखी कडू-गोड दारू. पादुआच्या पियाझा देल्ले एर्बेत सकाळी भाजीबाजार भरतो आणि संध्याकाळी त्याच फरसबंदीवर विद्यार्थी ग्लास घेऊन उभे असतात. तिथे नुसतं ‘स्प्रिट्झ’ म्हणून भागत नाही, कशाचा ते सांगावं लागतं. अ‍ॅपेरॉलचा सौम्य, 11 टक्के अल्कोहोलचा. कॅम्पारी या लाल लिकरचा चांगलाच कडू, आणि ते साधारण 25 टक्क्यांचं असतं. व्हेनिसला गेलात तर सेलेक्ट या तिकडच्या लिकरचा मागा, त्यात हिरवं ऑलिव्ह टाकून देतात. मला स्वतःला तोच आवडतो, पण आपल्याकडे सेलेक्ट शोधत बसू नका.

प्रमाण तीन, दोन, एक : 90 मिली स्पार्कलिंग वाइन, 60 मिली अ‍ॅपेरॉल, 30 मिली सोडा. मोठ्या पोटाचा वाइन ग्लास घ्या आणि तो बर्फाने काठोकाठ भरा. तुमची दुसरी चूक इथे झाली. बर्फ कमी असला तर पेय पाणचट होणार नाही असं वाटतं, पण घडतं उलटं. दोन खडे गरम ग्लासात भराभर विरघळतात आणि पेय कोमट ते कोमटच. भरपूर बर्फ एकमेकाला धरून राहतो, हळू विरघळतो. शिवाय थंड द्रवात वायू जास्त वेळ टिकतो, म्हणून वाइन, सोडा, अ‍ॅपेरॉल, तिन्ही बाटल्या आदल्या रात्रीच फ्रिजमध्ये टाका. आपल्या एप्रिल-मेमध्ये ग्लाससुद्धा.

बर्फावर आधी वाइन ओता, ग्लास तिरपा धरून. मग अ‍ॅपेरॉल. साखरेमुळे ते जड असतं, आपणहून खाली उतरत मिसळत जातं. आधी तेच घातलंत तर तळाशी बसतं, मग तुम्ही चमचा फिरवत राहता आणि सगळा वायू निघून जातो. शेवटी सोडा, आणि लांब चमच्याने तळापासून एकदाच हलकेच उचलल्यासारखं करा. शेकर तर कपाटातून काढूच नका.

आता प्रोसेको. ती व्हेनेतो आणि शेजारच्या फ्रिउलीत ग्लेरा नावाच्या द्राक्षापासून करतात. तिचं दुसरं, बुडबुडे आणणारं आंबवणं मोठ्या बंद टाकीत होतं, म्हणून ती हलकी, फळांच्या वासाची राहते. नाशिककडच्या वाइन, म्हणजे सुला किंवा दिंडोरीची शांदों, यांचं दुसरं आंबवणं बाटलीतच होतं, त्यामुळे किंचित पावाचा वास येतो. अ‍ॅपेरॉलपुढे तो वास कितीसा टिकणार? तेव्हा खुशाल वापरा. लेबलावर ‘ब्रूट’, म्हणजे फारशी गोड नसलेली, आहे ना, एवढं बघा. ‘डेमी सेक’ असेल तर ती गोड असते. गंमत म्हणजे ‘एक्स्ट्रा ड्राय’ ही ब्रूटपेक्षा गोड असते. आणि फार महागाची बाटली यात घालणं म्हणजे पैसे वाया.

नागपुरी संत्रं सोलून खा. त्याची साल सैल, चकती कापली की पाकळ्या सुटतात आणि बिया ग्लासात. घट्ट सालीचं माल्टा मिळालं तर त्याची अर्धी चकती लावा. नाही मिळालं तर संत्र्याच्या सालीचा एक तुकडा ग्लासावर मुडपून आत टाका, सालीतल्या तेलाचा वास पुरतो.

एक ग्लास म्हणजे किती दारू, हे तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. वाइन आणि अ‍ॅपेरॉल मिळून 150 मिली द्रव 11 टक्क्यांचा धरला तर शुद्ध अल्कोहोल साधारण साडेसोळा मिली. 330 मिलीच्या, 5 टक्क्यांच्या बिअरच्या बाटलीतही तेवढंच. सरबतासारखं लागतं म्हणून लोक फसतात. पादुआत बरोबर खारट काहीतरी येतंच, चिप्स, ऑलिव्ह, शेंगदाणे. घरी खारे दाणे आणि भाजलेला पोह्याचा पापड झकास. तिखट शेव मात्र नको, तिखटाने तोंड भाजलं की कडवट चव कळेनाशी होते.

उरलेली वाइन क्लिपवाल्या बुचाने बंद करून फ्रिजमध्ये उभी ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा. बाटलीच्या तोंडात चमचा अडकवून ठेवायचा उपाय कोणी सांगेल, त्याने काही होत नाही.

सासूबाईंसाठी इटलीतच सोय आहे : क्रोदिनो. अल्कोहोल नसलेलं, सोनेरी, कडू-गोड आणि फसफसणारं, लहानशा बाटलीत मिळतं. मुलगी येईल तेव्हा तिला चार आणायला सांगा. तोवर मोसंबीचा गाळलेला रस, थेंबभर लिंबू, चिमूटभर मीठ, भरपूर बर्फ आणि वर सोडा. तुमचं टॉनिक उरलंय ना, त्यांना कडू चालत असेल तर सोड्याऐवजी तेच घाला. आणि ग्लास सगळ्यांसारखाच मोठा द्या, स्टीलचा पेला नको.