वाचक विचारतात: माहिती आहे, फोन आहे, भांडवल नाही

या महिन्यात एकाच विषयावर पत्रांचा ढीग आलाय, घरबसल्या ऑनलाईन माहिती विकून चार पैसे कसे मिळवायचे. बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेऊ, आज हेच.

प्रश्न: मी लग्नाआधी एका सेवा केंद्रात ऑपरेटर होते. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेयर, जात पडताळणी, सगळं करून दिलंय लोकांना. आता सांगोल्याजवळ सासरी असते, पण अजून ओळखीचे लोक फोन करतात आणि मी फुकट सांगत बसते. यातून ऑनलाईन काही उभं राहील का? लॅपटॉप नाही, एक फोन आहे आणि पाचेक हजार रुपये आहेत. आधी वेबसाईट काढू का यूट्यूब? मिस्टर म्हणतात ही माहिती गुगलवर फुकट पडलीये, कोण पैसे देणारे.

उत्तर: ताई, आत्ता यातलं काहीच काढू नका. आणि मिस्टर अर्धे बरोबर आहेत. कागदपत्रांची यादी फुकटच मिळते आणि नुसती यादी विकायला गेलात तर कोणी कुत्रं विचारणार नाही. पण जूनमध्ये रात्री दहा वाजता तुम्हाला जो फोन येतो तो यादीसाठी नसतो ना. तो असतो "आजोबांच्या दाखल्यावर जात लिहिलीच नाहीये, चुलत्याच्या मुलाची व्हॅलिडिटी (पडताळणीचं प्रमाणपत्र) आहे, ती चालेल का, आणि पोराचं आडनाव एका कागदावर पवार आणि एकावर पोवार आहे". याचं उत्तर गुगलवर त्या माणसाला सापडत नाही, सापडलं तरी आपल्याला ते लागू पडतं का हे त्याला कळत नाही. हेच विकायचंय.

म्हणून सगळे दाखले नका घेऊ, एकच घ्या. मी तुमच्या जागी असतो तर फक्त अकरावी-बारावी सायन्सच्या पोरांची जात पडताळणी घेतली असती. त्यात लोक सगळ्यात जास्त अडकतात ते जुन्या पुराव्यापाशी. पुरावा कधीच्या आधीचा लागतो हे प्रवर्गाप्रमाणे बदलतं, एससीला १० ऑगस्ट १९५०, एसटीला ६ सप्टेंबर १९५०, व्हीजेएनटीला (विमुक्त जाती-भटक्या जमाती) २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसी-एसबीसीला (एसबीसी म्हणजे विशेष मागास प्रवर्ग) १३ ऑक्टोबर १९६७. हे तुम्हाला तोंडपाठ असणार, पण पोराच्या बापाला माहीतच नसतं की १९६७ च्या आधीचं काहीतरी शोधायचंय, तो स्वतःचा १९८५ चा शाळेचा दाखला घेऊन फिरत असतो. मग झेडपीच्या शाळेतला आजोबांचा निर्गम उतारा (शाळेच्या रजिस्टरमधली नोंद) कसा मागायचा, तिथे नाव नाही सापडलं तर तहसीलला गाव नमुना १४ ची (जुन्या जन्म-मृत्यू रजिस्टरातली) नोंद कशी बघायची, अर्जासोबतच्या नमुना ३ आणि नमुना १७ च्या शपथपत्रात वंशावळ लिहिताना लोक कुठे घोळ घालतात, हे सगळं तुमच्या डोक्यात आहे आणि तेच तुमचं भांडवल आहे, पाच हजार नाही.

आता सुरुवात कशी, तर फोनमधला कॉल लॉग उघडा आणि अलीकडे ज्यांनी ज्यांनी विचारलं त्यांचे प्रश्न वहीत त्यांच्याच शब्दांत लिहून काढा. चारपाच प्रश्न परत परत येतील, ती तुम्ही पुढे विकणार त्या पीडीएफची प्रकरणं. पण पीडीएफ लगेच बनवू नका! आधी व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला टाका की जात पडताळणीचे कागद बघून काय कमी आहे ते फोनवर सांगते, अर्धा तास, दीडशे रुपये, पैसे आधी. पाच जण आले तर पुढे जा. ओळखीतले पाच जण पण पैसे द्यायला तयार नसतील तर वेबसाईटवर अनोळखी लोक देतील ही आशा सोडा आणि दुसरा दाखला धरून बघा.

ते पाच कॉल झाल्यावर पीडीएफ. फोनवरच गुगल डॉक्समध्ये मराठीत बोलून टाईप होतं, चुका नंतर हाताने काढा. फॉन्ट मुक्ता घ्या, फुकट आहे आणि छोट्या स्क्रीनवर नीट वाचता येतो. आठदहा पानं बास. त्यात खोटी नावं घालून भरलेला एक अख्खा नमुना १७ टाका, लोक त्यासाठीच विकत घेतील, बाकीचं वाचतील न वाचतील. किंमत ९९ ठेवा, कॉलची हळूहळू ३०० करा. खरं सांगायचं तर पीडीएफवर फार सुटणार नाही, पण पीडीएफ वाचून ज्याला "माझं जरा वेगळंय" असं वाटतं तो कॉल घेतो.

पैसे यूपीआयच्या क्यूआरवर घ्या, त्याला कमिशन नाही. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस टाका, ते पण फुकट, आणि धंद्याचा नंबर वेगळा घ्या नाहीतर सासूबाईंचे गुड मॉर्निंग आणि गिऱ्हाईक एकाच ठिकाणी येतील. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ च लोक बसतात आणि ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज जातो, म्हणून प्रत्येकाला आधी "नंबर सेव्ह करा" सांगायचं. गिऱ्हाईक कुठून आणायचं तर ज्युनिअर कॉलेजच्या ऑफिसातल्या क्लार्ककडून. त्याला पीडीएफ फुकट द्या, त्याच्या खिडकीवरची गर्दी कमी होणारे म्हणून तो स्वतःहून पालकांना पाठवेल. त्याला कमिशन मात्र देऊ नका, ते प्रकरण अंगाशी येतं. आणि अकरावीच्या दिवाळीनंतर प्रचार करा. तेव्हा पालकांच्या हातात वेळ असतो. जूनमध्ये लोक घाबरलेले असतात, मार्चअखेर संपलेलं नॉन-क्रिमीलेयर पण त्यांना तेव्हाच आठवतं, मग कॉल खूप येतात पण तोवर तुमच्या किंवा कुणाच्याच हातात फार काही उरलेलं नसतं.

तीन गोष्टी सांभाळा. "काढून देते" हा शब्द कधीच वापरायचा नाही, तुम्ही माहिती देताय, एजंट नाही, पडताळणी समिती काय निर्णय देईल त्याची हमी तुम्ही घेऊच शकत नाही. लोकांनी पाठवलेले आधार आणि दाखल्यांचे फोटो काम झालं की डिलीट करा आणि तसं त्यांना सांगा. आणि जुन्या केंद्रातल्या रजिस्टरमधले नंबर वापरायचे नाहीत, जे स्वतःहून फोन करतात तेवढेच आपले. पीडीएफवर तारीख टाका, नियम बदलला की ज्यांनी आधी घेतलीये त्यांना नवीन पान फुकट पाठवा, त्यांच्याच घरात पुढच्या वर्षी धाकटं भावंड असतं.

पाच हजारातले बरेचसे शिल्लक राहतील. राहू देत.

प्रश्न: पुराभिलेख संचालनालयाचा मोडीचा वर्ग केलाय, वाचन चांगलं आहे. लोक मोडी कागदांचे फोटो पाठवून वाचून मागतात. ऑनलाईन शिकवू का वाचून देऊ? (वाई)

उत्तर: आधी वाचून द्या. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि मराठा समाजाच्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हापासून ज्याला त्याला पणजोबांचा कागद वाचून हवाय. दर पानावर ठेवा, पण आधी फोटो मागवून अक्षर बघा मगच दर सांगा, कारण शाळेच्या रजिस्टरची एक ओळ आणि वाळवी लागलेलं खरेदीखत यात दिवसाचा फरक पडतो. पैसे आगाऊ.

अडचण वेगळीच येईल. समोरच्याला कागदात जे दिसायला हवंय ते तुम्ही वाचावं अशी त्याची इच्छा असते. जुन्या नोंदीत कधीकधी जातीच्या जागी नुसतं "कु" लिहिलेलं असतं, तर तुम्ही लिप्यंतरात "कु" च लिहायचं, पुढचा शब्द पूर्ण करून द्यायचा नाही. शाई उडालीये तिथे "अवाचनीय" लिहायचं. कितीही गोड बोलला, दुप्पट देतो म्हणाला तरी. आणि पहिल्याच मेसेजमध्ये सांगून टाका की हे वाचन तुमच्या माहितीसाठी आहे, सरकारी कामाला कोणाच्या सहीचं लिप्यंतर चालतं ते त्या कार्यालयात विचारून या, नाहीतर महिन्याने भांडायला येतील.

शिकवणं दुसऱ्या टप्प्यात. गुगल मीटवर तीन किंवा जास्त जण असले की फुकटात एक तास मिळतो, झूमवर चाळीस मिनिटं, आठदहा जणांच्या बॅचला तेवढं पुरतं. बाराखडीपासून शिकवणारे खूप आहेत. तुम्ही "फक्त जन्म-मृत्यूच्या नोंदी वाचायला शिका" असा चार रविवारचा वर्ग काढून बघा, त्यात येणारे शब्द ठराविक असतात आणि माणूस चौथ्या रविवारी स्वतःच्या घरातला कागद वाचतो. अमेरिकेतली मराठी मंडळी पण येतील, फक्त रविवारची वेळ त्यांच्या शनिवार रात्रीला जुळवा.

प्रश्न: पोलीस भरतीच्या नोट्सच्या पीडीएफ टेलिग्रामवर विकायच्यात. माझ्याकडे क्लासच्या नोट्स आणि पुस्तकांचे स्कॅन मिळून बराच साठा आहे. चॅनेल कसं वाढवू? (परभणी)

उत्तर: भावा, तो साठा तुझा नाहीये. क्लासच्या नोट्स क्लासच्या, स्कॅन प्रकाशकाचे, विकलेस तर सरळ कॉपीराईटची भानगड. आणि धंदा म्हणूनही तो खोटाच, तू ५० ला विकलेली पीडीएफ संध्याकाळी दुसऱ्या चॅनेलवर फुकट असते. बालभारतीची पुस्तकं तर त्यांच्याच साईटवरून फुकट उतरवता येतात, ती कोण विकत घेईल?

लेखी १०० गुणांची, वेळ ९० मिनिटं. अंकगणित, बुद्धिमत्ता, मराठी व्याकरण, सामान्य ज्ञान आणि चालू घडामोडी. तू यातल्या कशात पक्का आहेस ते एक धर. समज व्याकरण, तर त्यातलंही प्रयोग आणि समास, कारण पोरं तिथेच मार खातात. स्वतः प्रश्न तयार कर, रोज दहा प्रश्न टेलिग्रामच्या क्विझमध्ये फुकट टाक, आणि रविवारी जो पर्याय सगळ्यात जास्त पोरांनी चुकीचा निवडला तो का चुकला याचं तुझ्या आवाजातलं स्पष्टीकरण फक्त पैसे भरलेल्यांच्या ग्रुपला. महिना ४९. पीडीएफ द्यायचीच असेल तर प्रत्येक पानावर घेणाऱ्याचं नाव आणि नंबर टाकून दे, ती पुढे ढकलताना माणूस जरा विचार करतो. रिझल्टचे खोटे स्क्रीनशॉट लावू नकोस, भरतीची पोरं एकाच ग्राउंडवर पळतात, एकमेकांना सगळं सांगतात.

प्रश्न: शेळीपालनाच्या माहितीचं यूट्यूब चॅनेल आहे, वर्ष झालं, पाचशेच्या आसपास सबस्क्रायबर. पैसे कधी सुरू होतील?

उत्तर: जाहिरातीचे पैसे हवे तर १००० सबस्क्रायबर आणि १२ महिन्यांत ४००० तास बघितलं गेलेलं, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज. ५०० सबस्क्रायबर आणि ३००० तासांवर मेंबरशिपसारखी काही सोय मिळते, जाहिरात नाही. पुढे १० डॉलर जमले की पत्ता तपासायला पिनचं पत्र पोस्टाने घरी येतं (वाडी-वस्तीवर राहत असाल तर पोस्टमनला आधीच सांगून ठेवा, ही पत्रं हमखास गहाळ होतात) आणि १०० डॉलर झाल्याशिवाय खात्यात काही पडत नाही.

म्हणून म्हणतो त्याची वाट बघत बसू नका. चॅनेल म्हणजे दुकानाची पाटी, गल्ला दुसरीकडे ठेवा. कमेंट वाचा, तिथे लोक "वीस शेळ्यांचा गोठा किती बाय किती" असंच विचारत असणार. त्याचा मापांसकट नकाशा, तुमच्या स्वतःच्या खर्चाच्या आकड्यांसकट, १४९ ला द्या. आजारावर औषधाचा डोस मात्र विकू नका, तिथे पशुवैद्यकाकडेच पाठवा.

प्रश्न: शेअर मार्केट जमतं, व्हॉट्सअ‍ॅपवर महिना ५०० घेऊन कॉल (कुठला शेअर घ्यायचा-विकायचा ते) दिले तर? खाली "फक्त शिक्षणासाठी" लिहीन.

उत्तर: नाही. पैसे घेऊन कुठला शेअर घ्या-विका सांगायचं तर सेबीकडे (शेअर बाजारावर देखरेख ठेवणारी संस्था) नोंदणी लागते, खाली काय लिहिलंय त्याने काही फरक पडत नाही. उलट जानेवारी २०२५ मध्ये सेबीने सांगितलंय की नुसतं शिकवणाऱ्यानेही गेल्या तीन महिन्यांतले भाव वापरून एखाद्या शेअरबद्दल बोलायचं नाही. डिमॅट खातं कसं चालतं, कॉन्ट्रॅक्ट नोट (ब्रोकरकडून येणारी व्यवहाराची पावती) कशी वाचायची, हे शिकवा खुशाल.

प्रश्न: असा धंदा सुरू करायला जीएसटी लागतो का? उद्यम नोंदणीचे (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) एकाने दोन हजार मागितलेत.

उत्तर: आपल्याकडे सेवेची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर जाईपर्यंत साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. यूपीआयवर आलेले पैसे मात्र उत्पन्नच आहेत, रिटर्नमध्ये दाखवा, त्यासाठी पहिल्या दिवसापासून वेगळं खातं ठेवा. उद्यम नोंदणी पूर्ण फुकट आहे, आधार आणि पॅन लागतं, सरकारी साईटवर स्वतःच्या फोनवरून होते. पत्त्याच्या शेवटी गव्ह डॉट इन आहे का तेवढं बघा, तशाच दिसणाऱ्या खाजगी साईट फी मागतात. दोन हजार देऊ नका.