रत्नागिरीत पादचारी आणि सायकलींची मोजणी कशी करावी? नगरपालिकेकडे फुटपाथ मागायचा आहे.

यंत्राची गरज नाही. चौकात दोघे उभे राहा, दर १५ मिनिटांना कागदावर नवा रकाना सुरू करा. पादचारी आणि सायकली वेगळ्या, दिशाही वेगळी. मंगळवार ते गुरुवारपैकी एक दिवस आणि एक आठवडी सुट्टी धरा. गणपतीचे दिवस टाळा, चाकरमान्यांमुळे आकडा भलताच फुगतो.

वेळ मात्र गावाची बघून ठरवा. मिरकरवाडा मासेमारी बंदराकडून डोक्यावर पाटी घेऊन निघणाऱ्या मासेवाल्या बायका पहाटेच्या. तुम्ही नऊला उभे राहिलात तर त्या कागदावर येणारच नाहीत, आणि फुटपाथची खरी गरज त्यांनाच आहे. पावसाळ्यात पुन्हा मोजा.

फुटपाथ असून रस्त्यावरून चालणारे किती, हा रकाना ठेवाच. कारणही लिहा: उघडं गटार, विजेची डीपी (पेटी), उभ्या दुचाकी. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी १०३ या पादचारी सुविधांच्या मानकानुसार चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी. टेप लावून तीही मोजा.

सायकली कमी दिसल्या म्हणून गरज नाही, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. भीतीपोटी आईबापांनी घरी ठेवलेली सायकल चौकात मोजली जात नाही. त्यासाठी शाळेत जाऊन मुलांना विचारा.