संशोधनच करायचं असेल तर एम.एस.साठी कर्ज कशाला?

ताई, तुमची मुलगी आपल्या बडोद्याच्या एम.एस. (महाराजा सयाजीराव) युनिव्हर्सिटीत एम.एस्सी. केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे, तिला पुढे संशोधनच करायचंय, आणि एजंट सांगतोय की ४० लाखांचं कर्ज काढून आधी अमेरिकेत एम.एस. म्हणजे मास्टर्स करा, पहिल्या शंभरातलं विद्यापीठ मिळवून देतो. माझं ऐकाल तर हे कर्ज काढू नका.

तिथल्या संशोधन विद्यापीठांत केमिस्ट्रीच्या पीएच.डी.ला विद्यार्थी सहसा पदरचे पैसे घालत नाही. फी माफ होते, वर स्टायपेंड मिळतो. त्या बदल्यात खालच्या वर्गांची प्रॅक्टिकल्स घ्यायची किंवा प्राध्यापकांच्या प्रोजेक्टवर काम करायचं. चार वर्षांच्या पदवीवर थेट घेतात, हिच्याकडे तर एम.एस्सी. असेल. एजंटचं कमिशन मात्र फी भरणाऱ्यांवरच सुटतं, म्हणून तो पीएच.डी.चं नाव काढत नाही.

रँकिंगचं म्हणाल, तर पुढची पाचेक वर्षं तिची गाठ एका गाइडशी आणि एका लॅबशी असणार आहे. १९१३ साली बाबासाहेब सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले आणि तिथे त्यांना अर्थशास्त्रज्ञ सेलिग्मनांसारखे गुरू लाभले. तिलाही आधी माणूसच शोधायला सांगा. प्राध्यापकांच्या ग्रुपचं पान उघडून गेल्या तीन वर्षांचे पेपर बघावेत. पहिलं नाव विद्यार्थ्यांचं असतं की कायम पोस्टडॉकचंच, म्हणजे पीएच.डी. होऊन लॅबमध्ये काम करणाऱ्यांचंच? जुनी मुलं किती वर्षांत बाहेर पडली, आता कुठे आहेत? मधेच सोडून गेलेली मुलं जास्त दिसली, तर सध्याच्या एखाद्या विद्यार्थ्याला सरळ विचारावं.

मग मेल, दहा ओळींचा. ‘मी मेहनती आहे’ छापाचं त्यात काही नको. त्यांच्या एका पेपरमधली नेमकी कोणती गोष्ट तिला भावली, डिझर्टेशनमध्ये तिने कोणती रिॲक्शन केली, कुठे अडली, रेणूची रचना ओळखायला लागणारा एनएमआरचा स्पेक्ट्रम स्वतः वाचला का, हे लिहावं. शेवटी एकच प्रश्न: पुढच्या वर्षी विद्यार्थी घेणार आहात का? उत्तर नाही आलं तर दोन आठवड्यांनी एकदा आठवण करावी, मग पुढचं नाव. या मेलने प्रवेश पक्का होत नाही, तो विभागाची समिती ठरवते. पण जिथे जागाच नाही तिथली अर्जाची फी वाचते.

जर्मनीही बघा. तिथे पीएच.डी. बऱ्याचदा नोकरीच्या करारावर होते, पगार मिळतो आणि अर्ज थेट प्राध्यापकांकडे जातो.

अमेरिकेचे बहुतेक अर्ज डिसेंबरमध्ये बंद होतात. फंडिंगसकट ऑफर आली, तर बहुतेक विद्यापीठांत उत्तराला १५ एप्रिलपर्यंत वेळ असतो. कोणी घाई केली तरी तिने घाबरून होकार देऊ नये. शिफारसपत्रं साधारण तीन लागतात. त्यातलं एक तरी तिचं काम रोज बघणाऱ्या गाइडचं हवं, आणि दिवाळीच्या सुट्टीआधीच त्यांच्या कानावर घालावं.

तिच्या डिझर्टेशनचा विषय इथेच लिहा, कोणते ग्रुप बघायचे ते मी सांगतो.