मधपेटी उघडताना पायात काय घालावं?

पहिली पेटी आणलीत, छान! सगळे जाळीच्या टोपीवर आणि हातमोज्यांवर खर्च करतात आणि पेटी उघडायला चपलेत जातात. फ्रेम (पेटीतली पोळ्याची चौकट) उचलताना काही माश्या खाली पडतात, आणि पडलेली माशी वर चढते. घोट्यापाशी फट मिळाली की थेट पँटमध्ये.

सुरुवातीला साधे शेतातले गमबूट पुरेत, महाग काही घेऊ नका. फक्त एवढं बघा:

- बुटाचं तोंड रुंद असेल तर पँट आत खोचू नका, माश्या आतच पडतात. पँट बुटावरून खाली ओढा आणि वर इलॅस्टिक किंवा रबर लावा.
- काळे, लोकरीचे मोजे नकोत. लोकरीत पाय अडकला की माशी चिडते. फिक्या रंगाचे सुती घाला.
- तळ घसरणारा नको. कोकणात, महाबळेश्वरला ओल्या कातळावर भरलेली फ्रेम हातात असताना पाय सटकला तर डंखापेक्षा ते महागात पडतं.

आणि डंख बसलाच, तर नांगी लगेच नखाने खरवडून काढा. त्या जागेला येणाऱ्या वासाने बाकीच्या तिथेच धावतात, म्हणून धूर द्या. मोजे त्याच दिवशी धुवा. सातेरी (पेटीत पाळतात ती आपली देशी मधमाशी) तशी शांत असते, घाबरू नका. चामडी बूट, गेटर (घोट्याभोवती बांधायचं आवरण) वगैरे पुढच्या हंगामात बघू.