आज माझा सोमवार

अगं,

रात्री साडेअकराला तुझा मेसेज आला तेव्हा मी जागीच होते. एकावन्न मोदकांची उकड मळून हात भरून आले होते, झोप लागत नव्हती. ‘काकू, डाएट सोडून देऊ का?’ आणि पुढं तीन टिंबं. मोबाइलवर टायपत बसणं मला जमत नाही, म्हणून कागदावर लिहितेय. सकाळी तुझ्या दाराला अडकवलेल्या दुधाच्या पिशवीत टाकीन.

सोडू नकोस. वडिलांना मधुमेह, तुझा स्वतःचा एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेच्या सरासरीचा आकडा, ६.१. तुझ्याकडे कारण आहे. हौस म्हणून करत असतीस तर मी वेगळं बोलले असते.

पण सोडायचं नाही म्हणजे तुझी नणंद म्हणते तसं ‘मग सगळ्या घरानंच करायचं’ असंही नाही. ते तर अजिबातच नाही.

तुझ्या थोरलीचं सांगते. आरती झाल्यावर मी तिच्या ताटलीत मोदक ठेवला, वरून फोडून तुपाची धार धरणार, तेवढ्यात तिनं ताटलीवर हात आडवा धरला. ‘आजी, मोदकात कार्ब्स असतात.’ सगळी सोसायटी हसली. तूही हसलीस, पण तुझे कान लाल झालेले मी पाहिले. मी मात्र तिच्याकडे बघत होते. तिची नजर मोदकाच्या कळ्यांवर होती, हाताची पकड सैल होत होती, आणि तरी ती नाही म्हणाली. सात वर्षांची पोर. गणपतीच्या दिवशी.

तू तिला हे शिकवलं नाहीस, मला ठाऊक आहे. तू मैत्रिणीला फोनवर सांगितलंस, पोळ्यांच्या मावशींना सांगितलंस, आरशासमोर स्वतःला सांगितलंस. ती तिथंच होती. पथ्य ताटात असावं, तोंडात नसावं. एवढंच मला सांगायचंय, आणि आज मी ते तुला कंटाळा येईपर्यंत सांगणार आहे.

आमच्या आजीचा सोमवार असायचा. नारायण पेठेतला वाडा, आम्ही आठ पोरं एका ओळीत जेवायला. ती वाढायची. वरणभात, वर तूप, लिंबाची फोड. ती स्वतः संध्याकाळपर्यंत ताकावर. कुणी विचारलंच, ‘आजी, तू नाही जेवत?’, तर म्हणायची, ‘आज माझा सोमवार.’ विषय संपला. भात वाईट, तुपानं माणूस सुटतं, असलं एक अक्षर नाही. सोमवार तिचा, भात आमचा. (एकादशीला मात्र तीही ‘दुप्पट खाशी’ गटातली होती. साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस, वर दाण्याची आमटी. असो.)

इतकी वर्षं सोमवार करून तिनं एकाही पोराच्या मनात भाताबद्दल शंका पेरली नाही. मी ते सहा महिन्यांत करून दाखवलं.

१९९८ साली माझी उपाशीपोटीची साखर २४० निघाली. डॉक्टरांनी झेरॉक्स कागद दिला, त्यावर ‘वर्ज्य’ असा रकाना. मी तो फ्रिजवर चिकटवला. माझा स्वभाव तुला माहीत आहे, अर्धवट काही करत नाही. साखर, गूळ, बटाटे, भात, सगळं बंद, आणि माझ्या एकटीचं नाही, घराचं. मुलगा दहाचा, मुलगी सातची. पोळ्या दोन म्हणजे दोन. रोज जेवताना माझी टकळी चालू, ‘भात म्हणजे नुसती साखर.’ एकदा मुलीनं तिसरी पोळी मागितली तेव्हा मी म्हटलं, ‘माझं पोट बघितलंस ना? असं व्हायचंय का तुला?’

हे वाक्य मला परत घेता येत नाही.

आणि त्याच घरात त्याच ओट्यावर मी पहाटे पाचपासून एमपीएससीच्या पोरांचे चाळीस डबे भरत होते. चाळीस डब्यांत गरम भात दाबून भरायचा, वर आमटीची किटली वेगळी. लोकांची पोरं माझ्या हातचा भात खाऊन अधिकारी झाली. माझी दोघं ओट्याशी उभी राहून वास घ्यायची. तेव्हा माझ्या हे लक्षातसुद्धा आलं नाही, खरं सांगते.

मग एक दिवस शेजारणीनं जिन्यात गाठलं. ‘तुमचा मुलगा आमच्याकडे रोज तूपसाखरपोळी खातो. चालतं ना हो?’ त्या ‘चालतं ना’मध्ये सगळं होतं. आणि मुलीच्या कंपासपेटीत मला पार्ले-जीचे कागद सापडले. फेकलेले नाहीत, घडी घालून घालून बोटाच्या पेराएवढे केलेले. कर्कटकाच्या खाली नीट रचून ठेवलेले.

आता माझी बाजूही ऐक. मला कोणी काही सांगितलं नव्हतं. तो कागद घरातल्या आजारी माणसासाठी आहे, बाकीच्यांसाठी नाही, एवढंही कोणी बोललं नाही. भीती होती. माझ्या आईचा पाय मधुमेहानंच गेला होता. आणि आज माझे डोळे, पाय, मूत्रपिंडं शाबूत आहेत, वेताळ टेकडी अजून चढते, ती त्या हट्टावरच. तेव्हा पथ्याचा मला पश्चात्ताप नाही. अजिबात नाही. पश्चात्ताप आहे तो तोंडाचा.

तू इंजिनिअर, तुला आकडे लागतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा २०२० चा तक्ता आहे. बैठं काम करणाऱ्या बाईला दिवसाला १६६० किलोकॅलरी. सात ते नऊ वर्षांच्या मुलाला १७००. परत वाच. तुझ्या कमरेएवढ्या पोरीला तुझ्यापेक्षा चाळीस जास्तच लागतात, आणि तिचं पोट मुठीएवढं, म्हणजे दिवसातून चार-पाच वेळा खायला हवं. तू दुपारी एकपर्यंत उपाशी राहतेस ते तुझ्या शरीराला मानवेल. तिच्या शाळेत चौथ्या तासाला काय होत असेल? आणि तुझं ते कीटो ना, भात-पोळी जवळजवळ बंद आणि सगळा भर तुपा-तेलावर, ते १९२१ साली निघालं ते फिट्सच्या रुग्णांसाठी. औषधांनी फिट्स थांबत नाहीत अशा मुलांना आजही देतात, पण घास वजन करून आणि डॉक्टरांच्या नजरेखाली. मुलाच्या बाबतीत ते औषध आहे. धडधाकट पोरीला औषध कशाला?

आता स्वयंपाक. हिंजवडीहून साडेआठला येऊन तू दोन स्वयंपाक करतेस. एकीकडं तुझी बदामाच्या पिठाची पोळी, जी तव्यावर मोडते आणि मग तू रडतेस (भिंती पातळ आहेत आपल्या सोसायटीच्या), दुसरीकडं मुलांचं. हा वेडेपणा आजपासून बंद. एकच स्वयंपाक. आपलं ताट आठव. उजवीकडं भाजी, आमटी; डावीकडं मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर; मध्ये पोळी न् भात. सगळी युक्ती त्या ताटातच आहे. मटकीची उसळ, पालकाची ताकातली भाजी, काकडीची कोशिंबीर सगळ्यांसाठी एकाच पातेल्यातली. त्यांच्या ताटात मधला भाग मोठा, वर तूप. तुझ्या ताटात डावी बाजू वाटीभर, उसळ दोन वाट्या, मध्ये चतकोर भाकरी किंवा काही नाही. लांबून बघणाऱ्याला ताटं सारखीच दिसतात. मुलं लांबूनच बघतात. आपण वेगळं काही खातोय हे सांगायची वेळच येत नाही.

आणि बसून जेव. त्यांच्याबरोबर, ताट घेऊन. तू ओट्याशी उभी राहून उकडलेली अंडी खातेस आणि पोरांना वाटतं आई जेवतच नाही.

नवऱ्यालाही हे वाचायला दे. आपल्या सोसायटीत दर तिसरा माणूस ‘दीक्षित करतो’ (डॉ. दीक्षितांचं डाएट, दिवसातून दोनदाच आणि पंचावन्न मिनिटांत जेवायचं), त्याला माझी ना नाही, पंचेचाळीस मिनिटं चालतात हे चांगलंच आहे. पण ताटाशेजारी मोबाइलवर पंचावन्न मिनिटं लावून बसायचं आणि मुलांना आकडे मोजत ठेवायचं? तुझा धाकटा परवा माझ्याकडे केळं खाता खाता ‘ट्रिंग’ म्हणाला आणि उरलेलं केळं खाली ठेवलं. मी हसले. नंतर हसू आलं नाही.

आता सिंकजवळचं. तू लिहिलं नाहीस, पण मी आई आहे, डबेवाली आहे, मला कळतं. दिवसभर तोंड आवळून धरायचं आणि रात्री मुलांच्या ताटातली वरणात भिजलेली अर्धी पोळी, दोन घास भात, लाडवाचा तुकडा सिंकशी उभं राहून संपवायचं. अन्न टाकू नये म्हणून. मग अपराधी वाटून दुसऱ्या दिवशी आणखी कडक. बाई गं, अर्धी पोळी वाढ. हवी तर पुन्हा मागतील, मागू देत, मागणं चांगलं. कोरडी उरली तर सकाळी फोडणीची पोळी होते, शेंगदाणे जरा जास्त घाल. आणि वरणात भिजलेली ओल्या कचऱ्याच्या बादलीत जाऊ दे. त्यासाठी बादली आहे. तू बादली नाहीस.

थोरली विचारेल, ‘आई, तू पोळी का नाही खात?’ तेव्हा भाषण नको. इन्शुलिन नको, पोट नको, वजनाचा काटा तर नकोच, तो आधी बाथरूममधून उचलून कपाटावर ठेव. म्हण, ‘आज माझा सोमवार.’ गुरुवार असला तरी म्हण. हसेल. फारच मागं लागली तर, ‘माझी साखर वाढते, तुझी नाही वाढत.’ आणि तिच्या पोळीवर तूप घाल. तूप घालताना तोंड वाकडं करू नकोस, मुलांना तेही दिसतं. महिनाभरात ती पूर्ववत जेवायला लागली नाही तर मात्र बालरोगतज्ज्ञांकडे जा. तिथं माझं शहाणपण उपयोगाचं नाही.

तुला वाटेल काकू फार बोलल्या. बोललेच. माझी मुलगी आता चौतिशीची आहे, बाणेरला राहते, मोठ्या हुद्द्यावर आहे. दिवाळीत येते तेव्हा चकली खाताना अजून माझ्याकडे पाठ करून उभी राहते. गेल्या वर्षी म्हणाली, ‘आई, तू माझ्या ताटाकडे बघतेस.’ मी म्हटलं, ‘नाही गं, कुठं?’ बघत होते.

रविवारी ती येतेय. वरणभात करणार आहे, तिच्या ताटाकडे बघायचं नाही असं ठरवलंय. मागच्या वेळीही ठरवलं होतं.

तुझी,
तिसऱ्या मजल्यावरची काकू

ता. क. पाच मोदक फ्रिजमध्ये काढून ठेवलेत. थोरलीला एकटीलाच वर पाठव. मी काही बोलणार नाही.