मेळघाटातल्या गावासाठी टेलिमेडिसिन अ‍ॅप: सुरुवात कुठून करावी?

तुमच्या ग्रुपने पैसे जमवलेत आणि धारणी तालुक्यातल्या एका गावासाठी डॉक्टरशी व्हिडिओवर बोलायचं अ‍ॅप बनवायचंय, वाचून खरंच बरं वाटलं. पण स्पष्ट सांगतो, नवीन अ‍ॅप बनवू नका. सरकारची ई-संजीवनी ही व्हिडिओवरून डॉक्टरचा सल्ला देणारी सेवा आहे ना, सी-डॅक मोहाली या सरकारी संगणक संस्थेने बनवलेली, २०१९ पासून चालू, पेशंटला फुकट, उपकेंद्रातले सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) त्यावरूनच वरच्या डॉक्टरांचा सल्ला घेतात. तुमचं वेगळं आलं की त्यांना अजून एक लॉगिन आणि अजून एक नोंद, बाकी काही नाही.

या भागात बरीच वर्षं आरोग्याचं काम केलंय, त्यामुळे अडतं कुठे ते माहितीये. पेशंट कोरकूत, म्हणजे इथल्या आदिवासींच्या भाषेत बोलतो, समोरच्या डॉक्टरला मराठी-हिंदी येते, आणि मधे आशाताई नसेल तर "पोट दुखतंय" याच्यापुढे गाडी सरकत नाही, कधीपासून, जेवल्यावर की उपाशीपोटी, ताप होता का, सगळं राहून जातं. म्हणून कॉलच्या वेळी कोरकू बोलणारी आशाताई शेजारी हवीच आणि तिला त्या वेळेचे पैसेही मिळायला हवेत, तुमच्या बजेटमधला पहिला खर्च हाच धरा.

दुसरं म्हणजे औषध. डॉक्टरने बीपीची गोळी लिहिली आणि ती उपकेंद्रात नसली तर पुढच्या वेळी तो माणूस येत नाही, का येईल? त्यात दिवाळीनंतर कितीतरी घरं कामासाठी बाहेर पडतात ती होळीला परततात, तर जायच्या आधी बीपी-शुगरवाल्यांची तपासणी, पुरेशा गोळ्या आणि हातात कागदी कार्ड, एवढं जमलं तरी खूप मोठं काम होईल.

यंत्रापेक्षा माणूस महत्त्वाचा, हे गडचिरोलीत दिसलंच आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाचं वजन घेणं, श्वास मोजणं, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देणं शिकवलं, आणि तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी कमी झाला, १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलंय. आशाताईंच्या आजच्या नवजात बाळासाठीच्या घरभेटी त्यातूनच आल्या.

साप चावला, बाळंतपणात रक्त जातंय, बाळ दूध ओढत नाही, अशा वेळी व्हिडिओ लावत बसायचं नाही, थेट १०८ आणि दवाखाना, हे गावात सगळ्यांना आधीच पक्कं सांगून ठेवा.

वस्तूच द्यायच्या असतील तर उपकेंद्राला सोलर, चांगलं बीपी मशीन, ऑक्सिमीटर, हिमोग्लोबिन मीटर द्या. पण मीटरच्या पट्ट्या संपतात, सोलरची बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते, त्याचे पैसे आत्ताच बाजूला काढा, आणि काहीही विकत घ्यायच्या आधी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना आणि तिथल्या सिस्टरना भेटून नक्की काय कमी पडतंय ते विचारा.